मोबाइलवरची हरकत दप्तरात कशी पोहोचते

लोंढा जंक्शनवरून एक फाटा अळणावर, धारवाड, हुबळीकडं जातो. दुसरा तिनईघाट, कॅसलरॉक, दूधसागर करत गोव्यात कुळ्याला उतरतो. या दुसऱ्या फाट्यावरचा घाट दर 37 मीटरला 1 मीटर चढतो, त्यामुळं मालगाडी वर आणायची तर मागून जादा इंजिनं लावावी लागतात. घाटातला मार्ग एकेरी आहे. तो दुहेरी करायचा प्रस्ताव आला, त्याला डिसेंबर 2019 मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची मंजुरी मिळाली आणि 9 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याची मंजुरी रद्द केली. मधल्या काळातले बरेच महिने लॉकडाऊनमध्ये गेले. सभा बंद, मोर्चे बंद, कचेऱ्या अर्धवट उघड्या. तरी लोकांनी विरोध केला, तो नोंदवला आणि तो न्यायालयाच्या कागदापर्यंत नेला.

हा प्रवास पायरी पायरीनं पाहायला हवा असं मला फार वाटतं. आपल्या सीमाभागात मोबाइलवर बोलणं उदंड आहे. खड्डा पडला की व्हिडिओ येतो, गाडीचा थांबा रद्द झाला की गटागटांत संताप उसळतो, कुणीतरी लाइव्ह जातं, दोन दिवस तेच फिरत राहतं. मग ते विरतं. ज्या अधिकाऱ्यानं निर्णय घ्यायचा असतो त्याच्या टेबलावरच्या कागदात त्यातली एक ओळही गेलेली नसते. बोलणं आणि नोंद होणं यांच्यामधलं हे अंतर कसं पार होतं, ते या घाटाच्या गोष्टीत स्वच्छ दिसतं.

आधी थोडं मागं जाऊ. या भागात बातमी येण्याचे मार्ग ठरलेले होते. बाबुराव ठाकूरांनी 1919 मध्ये बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केला. धारवाडचं आकाशवाणी केंद्र 1950 पासून बोलू लागलं आणि मध्यम लहरींवर 765 किलोहर्ट्झला ते आजही लागतं. पणजीचं केंद्र पोर्तुगीज काळातल्या ‘एमिसोरा दि गोवा’चं पुढचं रूप. मराठी ऐकायला सांगली, कोकणी ऐकायला पणजी, कन्नड ऐकायला धारवाड, अशी घराघरांत रेडिओची बटणं फिरायची. या सगळ्यांत ऐकणाऱ्याला बोलायची सोय म्हणजे वाचकांचा पत्रव्यवहार आणि श्रोत्यांची पोस्टकार्डं, एवढीच.

मग गावाचा स्वतःचा रेडिओ का झाला नाही? सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 1995 मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं होतं. त्यानंतर 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. पण त्याचा पल्ला साधारण दहा किलोमीटरच्या आत, आणि मुख्य म्हणजे त्यावर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. खासगी एफएमलाही येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या पुढं सहक्षेपित करायच्या, इतकीच परवानगी. कोलार जिल्ह्यातल्या बुदिकोटेच्या लोकांनी तर परवान्याची वाट न पाहता 2003 च्या सुमारास ‘नम्म ध्वनी’ केबलच्या तारेवरून घरोघरी पोहोचवला. तालुक्याची बातमी तालुक्याच्या आवाजात ऐकायची भूक अशी कायद्यानं अडून राहिली होती. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ती भूक यूट्यूबकडं वळली. गावोगावी मोबाइल स्टँडवर लावून बातम्या देणारी मुलं दिसू लागली ती यामुळं. त्यांच्यापैकी अनेकांकडं प्रशिक्षण नाही, कायद्याचं संरक्षण नाही, पगार नाही. तरी गटारीपासून गायरानापर्यंतचे विषय तीच मांडत असतात आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

त्यांचं लाइव्ह नेमकं कसं चालतं? समजा, एखाद्या वाडीच्या देवळाच्या मंडपात बैठक भरलीय आणि एकानं मोबाइल उभा करून लाइव्ह सुरू केलंय. कॅमेरा सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं टिपतो. ही सगळी चित्रं पूर्ण पाठवायची तर कुठलीच रेंज पुरणार नाही. म्हणून मोबाइल आधी एक चित्र पूर्ण घेतो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच नोंदवतो. मागची भिंत बदलत नाही, तेव्हा ती पुन्हा पाठवायची गरज नाही. बोलणाऱ्याचे ओठ आणि हात हलतात, तेवढं पाठवायचं. असं दाबून लहान केलेलं चित्रण टॉवरमार्गे कंपनीच्या सर्व्हरवर जातं. तिथं त्याच्या चार-पाच प्रती बनतात, एक ठसठशीत, एक मध्यम, एक अगदी धूसर. प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. मालगाडीचे डबे जसे एकामागून एक सुटे मोजता येतात, तसे हे तुकडे क्रमांकानं लागलेले असतात. बघणाऱ्याचा मोबाइल एकेक डबा मागवत जातो. रेंज चांगली असेल तर ठसठशीत प्रतीतला, कमी झाली तर पुढचा डबा धूसर प्रतीतला. चित्र मधेच फिकट होतं आणि परत स्वच्छ होतं ते यामुळं. हातात दोन-तीन डबे साठल्याशिवाय चित्र सुरूही होत नाही, म्हणून लाइव्ह म्हटलं तरी बघणारा दहा-वीस सेकंद मागं असतो.

यात आपल्या भागासाठी कळीची गोष्ट चढत्या रेंजची आहे. मोबाइलचं जाळं मुळात खाली उतरवण्यासाठी, म्हणजे बघण्यासाठी, जास्त जागा ठेवतं. वर पाठवण्यासाठी कमी. गावात बसून सिनेमा अडखळत नाही, पण त्याच जागेवरून लाइव्ह करायला गेलं की तुटतं. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीत, भीमगड अभयारण्याच्या आतल्या वाड्यांत, तर साध्या फोनलाही रेंज शोधावी लागते. बऱ्यापैकी स्वच्छ चित्राला सेकंदाला अडीच मेगाबिटच्या आसपास लागतात, म्हणजे तासाला एक जीबीहून थोडं जास्त. नुसता आवाज 64 किलोबिटवर उत्तम जातो आणि तासाभराचं बोलणं 30 एमबीत मावतं. त्यामुळं माझं सांगणं असं की घाटातल्या बैठकीचं लाइव्ह करायच्या हट्टापायी ते तुटकं करू नका. मोबाइलवर अखंड रेकॉर्ड करा, जवळ जाऊन आवाज नीट घ्या, आणि रेंजमध्ये आल्यावर चढवा. पुढं जी नोंद लागणार आहे तिला तुटक लाइव्हचा उपयोग नसतो, अखंड ध्वनिमुद्रणाचा असतो.

रेडिओ आणि मोबाइलवरचं प्रसारण यांच्यातला आणखी एक फरक फारसा कुणी बोलत नाही. धारवाडचं केंद्र लागलं की दहा जणांनी ऐकलं काय आणि दहा लाखांनी काय, केंद्राचा विजेचा खर्च तेवढाच. ऑनलाइन मात्र प्रत्येक बघणाऱ्याला वेगळी प्रत पाठवावी लागते. हजार जण बघत असतील तर हजार प्रवाह. हा खर्च वाडीतल्या मुलाला झेपणारा नाही, तो कंपनी उचलते आणि त्या बदल्यात दाराची किल्ली आपल्याकडं ठेवते. कुणाच्या पडद्यावर काय आधी दिसेल हे तीच ठरवते. यूट्यूबनं 2012 मध्ये किती जणांनी उघडलं यापेक्षा किती वेळ पाहिलं याला वजन द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून धरून ठेवणारा व्हिडिओ वर येतो. ग्रामसभेचं दोन तासांचं शांत चित्रण तळाला जातं आणि तिथल्या भांडणाची अर्ध्या मिनिटाचं कात्रण गावभर होतं. हे ओळखूनच काम करावं लागतं.

व्हॉट्सअॅपचा रस्ता निराळा. तिथं वरखाली लावणारं यंत्र नाही; माणूस पाठवतो, माणूस उघडतो. एप्रिल 2016 पासून तिथला मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो, कंपनीलाही वाचता येत नाही. 2018 मध्ये अफवांमुळं माणसं मारली गेली तेव्हा भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढं ढकलायची मर्यादा आली. एप्रिल 2020 मध्ये, जो संदेश आधीच अनेक हातांतून आला आहे तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. त्यावर दोन बाणांची खूण दिसते. सप्टेंबर 2023 मध्ये भारतात चॅनेल आले. गटात सगळे बोलतात, चॅनेलमध्ये एकच बोलतो आणि बाकीचे ऐकतात, म्हणजे खरं तर ते प्रसारणच. पण यातलं काहीही, गट असो वा चॅनेल, सरकारी अर्थानं कुठंही दाखल होत नाही. तहसीलदार स्वतः त्या गटात असले तरी.

आता घाटाकडं परत येऊ. मोठा प्रकल्प आला की पर्यावरणाची जनसुनावणी होते, असं आपण धरून चालतो. रेल्वेच्या बाबतीत ते खोटं आहे. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत रेल्वेमार्ग येतच नाहीत. खाण, धरण, कारखाना, महामार्ग यांना जी मंजुरी आणि जी सुनावणी लागते ती रुळांना लागत नाही. त्यामुळं लोकांना उभं राहून बोलायला कायद्यानं ठेवलेली जागाच नव्हती. घाटाचा गोव्याकडचा भाग भगवान महावीर अभयारण्य आणि मोलें राष्ट्रीय उद्यानातून जातो, म्हणून वन्यजीव मंडळाची आणि वनखात्याची परवानगी तेवढी लागणार होती. या परवानग्या देणाऱ्या बैठकांत सामान्य माणूस नसतो. त्याच जंगलातून महामार्गाचं रुंदीकरण आणि 400 केव्हीची वीजवाहिनी असे आणखी दोन प्रकल्प नेले जात होते आणि एप्रिल 2020 मधली मंडळाच्या समितीची बैठक तर व्हिडिओ कॉन्फरन्सवरच झाली.

गोव्यातल्या लोकांनी काय केलं? बैठकांची इतिवृत्तं आणि प्रस्तावांचे कागद पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या पोर्टलवर येतात. 2018 पासून ते सुरू आहे. कुणीतरी बसून ते कागद वाचले. सगळ्या गोष्टीतलं मोलाचं काम कुठलं म्हणाल तर मी हे म्हणेन. वाचलेलं शास्त्रज्ञांनी तपासलं, वकिलांनी कायद्याच्या भाषेत मांडलं, चित्रकारांनी त्यावरून मोलेंची झाडं, पाखरं, फुलपाखरं रंगवली. ती चित्रं इन्स्टाग्रामवरून घरोघरी गेली आणि ‘मोलें वाचवा’ हे नाव शाळकरी पोरांच्या तोंडी आलं. तिन्ही प्रकल्पांचे नकाशे एका पानात मावतील असे सोपे करून फिरवले गेले. या मार्गावरच्या कोळशाच्या वाहतुकीला विरोध करणारे किनाऱ्याकडचे लोक आणि जंगलासाठी झटणारे लोक एरवी वेगवेगळ्या सभांना गेले असते, ते एकाच विषयावर बोलू लागले. मग 1 नोव्हेंबर 2020 च्या रात्री चांदोरच्या रेल्वे फाटकावर हजारो लोक जमले आणि पहाटेपर्यंत रुळांवर बसून राहिले. मेणबत्त्या होत्या, घुमट होते, गाणी होती. ही रात्र मोबाइलवरून गोवाभर दिसली. नंतर पोलिसांनी गुन्हेही नोंदवले.

एवढ्यानं मंजुरी रद्द झाली नसती, हे लक्षात घ्यायला हवं. गोवा फाउंडेशन या संस्थेनं सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडं रीतसर अर्ज केला. ही समिती गोदावर्मन वनखटल्यातून 2002 मध्ये तयार झालेली. तिच्यासमोर भावना मांडून भागत नाही. घाटात आज किती गाड्या धावतात, चढणीमुळं वेग किती राहतो, दुसरा रूळ टाकला तरी त्यातून क्षमता किती वाढेल आणि जंगल किती जाईल, हे सांगावं लागतं. समितीनं एप्रिल 2021 मध्ये अहवाल दिला आणि या नाजूक घाटात दुहेरी मार्गाचं समर्थन होत नाही असं म्हटलं. न्यायालयानं पुढच्या वर्षी तो निष्कर्ष मान्य केला. म्हणजे मोबाइलनं माणसं जमवली, माहिती पसरवली, विषय जिवंत ठेवला. आणि अर्जानं तो दप्तरात नेला. पहिल्याशिवाय दुसऱ्याला बळ आलं नसतं, दुसऱ्याशिवाय पहिलं विरून गेलं असतं.

2020 मधलीच आणखी एक गोष्ट या विषयाला जोडून येते. एप्रिल 2020 मध्ये केंद्र सरकारनं आघात मूल्यांकनाच्या नियमांचा नवा मसुदा राजपत्रात छापला आणि साठ दिवसांत हरकती मागवल्या. मसुदा हिंदी आणि इंग्रजीत. दिल्ली उच्च न्यायालयानं 30 जूनला मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये भाषांतरित करायला सांगितलं. ज्यांचं जंगल, पाणी, जमीन जाणार त्यांना कागद वाचता आला पाहिजे, हा मुद्दा एका राजधानीतल्या न्यायालयानं उचलून धरला याचं मला आजही समाधान वाटतं. कर्नाटक उच्च न्यायालयानंही अंतिम अधिसूचनेला अटकाव केला. हरकतींचा लाखांनी पूर आला, कारण काही तरुण संस्थांनी संकेतस्थळावर एक बटण दाबलं की मेल जाईल अशी सोय केली होती. त्यावर मंत्र्यांच्या मेलवर ढीग पडल्याची तक्रार झाली, दिल्ली पोलिसांनी एका संस्थेचं संकेतस्थळ बंद करण्यासाठी दहशतवादविरोधी कायद्याचं कलम लावून नोटीस काढली आणि नंतर ती मागं घेतली. एका मसुद्यावर हरकत घेणाऱ्या पोरांवर असं कलम लागावं, हे चुकीचंच होतं.

मात्र बटणाच्या मेलबद्दल माझं एक मत आहे. हजार जणांनी एकच मजकूर पाठवला तर वाचणारा तो एकदा वाचतो आणि बाकीचे मोजतो. संख्येला किंमत आहेच. पण तिनईघाटच्या माणसानं लिहिलं की पावसाळ्यात अमुक ओढ्याचं पाणी रुळाच्या कडेनं येऊन अमुक शेतात शिरतं, हत्ती अमुक ठिकाणी रूळ ओलांडतात, तर ते उत्तर द्यायला लावणारं असतं. ते दुसरं कुणी लिहूच शकत नाही. त्याला तारीख घातलेला फोटो जोडा, त्यात जागा ओळखू येईल अशी खूण असू द्या.

आणि लिहायचं कुठल्या भाषेत? इथं सीमाभागातला माणूस कचरतो. अर्ज कन्नडमध्ये नाही म्हणून परत येईल, ही धास्ती काल्पनिक नाही. पण घटनेचा अनुच्छेद 350 सांगतो की गाऱ्हाणं दूर करण्यासाठी कुणाही अधिकाऱ्याकडं संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. अनुच्छेद 350-ख खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमलेला असतो. मराठीत लिहिलेलं निवेदन हे बेकायदा कागद होत नाही. तरी मी म्हणेन, मराठी मूळ ठेवा आणि सोबत कन्नड भाषांतर जोडा. आपल्या गावांत दोन्ही भाषा सफाईनं लिहिणारी मुलं घरटी सापडतात आणि मोबाइलवर कच्चं भाषांतर मिनिटात होतं, ते फक्त जाणत्या माणसानं वाचून दुरुस्त करायला हवं. सर्व्हे नंबर, ओढ्यांची आणि वाड्यांची नावं यंत्र हमखास बिघडवतं.

जिथं सुनावणी लागते तिथं ती कशी होते तेही माहीत असावं. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं, तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश जिल्हाधिकारी कचेरीत, जिल्हा पंचायतीत आणि स्थानिक पंचायतीत ठेवावा लागतो. जिल्हाधिकारी किंवा किमान अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो. गणपूर्तीची अट नाही, म्हणून दहाच जण आले तरी सुनावणी झाली असं धरलं जातं; न जाणं हा बहिष्कार म्हणून मोजला जात नाही. पूर्ण कामकाजाचं चित्रीकरण सक्तीचं आहे. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा लोकांना स्थानिक भाषेत समजावून सांगितला जातो, तेव्हा आपलं म्हणणं त्यात आलं का ते तिथंच उभं राहून विचारायचं. आपलं स्वतःचं ध्वनिमुद्रण कामाला येतं ते या क्षणी. गटातल्या लोकांना सूचना छापून आल्याच्या दिवशीच कळवणं, सारांशाची पानं फोटो काढून फिरवणं, गाडीची सोय करणं, ही व्हॉट्सअॅपची खरी कामं.

लहान तक्रारींसाठी दारं आणखी जवळ आहेत. रेल्वेची 139 आणि रेल मदद, कर्नाटक सरकारची 1902 ची जनस्पंदन हेल्पलाइन. इथं मिळणारा तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. एक्सवर अधिकाऱ्याला टॅग केलेली ओळ चार तासांत हलते, कधीकधी काम होतंही. पण ती पुसली जाऊ शकते. क्रमांक असलेल्या तक्रारीचं उत्तर माहिती अधिकारात मागता येतं.

घाटाचा विषय संपलेला नाही. न्यायालयानं मंजुरी रद्द करताना, जैवविविधतेवरच्या परिणामांचा सखोल अभ्यास करून रेल्वेला नव्यानं प्रस्ताव आणायची मोकळीक ठेवली आहे. तो येईल तेव्हा परिवेशवरच दिसेल. शोधताना फक्त गोवा निवडून भागणार नाही. कॅसलरॉक कर्नाटकात आहे, तेव्हा राज्याच्या रकान्यात कर्नाटक टाकूनही बघायचं, आणि प्रकल्पाच्या नावात कॅसलरॉक, कुळे, तिनईघाट या तिन्हींची इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांनी देऊन पाहायची, कारण रेल्वेच्या कागदांत ती एकसारखी नसतात.